डोंगराची नोटीस कोण घेणार?

प्रति,
हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय आराखडे तयार करणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

तुमचे आराखडे मी हौसेने वाचतो. हौस जरा विचित्र आहे, मान्य. तीनशे पानांची पीडीएफ उघडली की आधी एकच काम करतो, शोधाच्या चौकटीत ‘ज्वालामुखी’ हा शब्द टाकतो. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. सापडलाच तर शेवटच्या परिशिष्टात, धोक्यांच्या तक्त्यात, आणि समोरच्या रकान्यात दोनच शब्द असतात : ‘लागू नाही’. देशाच्या हद्दीत जागृत ज्वालामुखी नाही, मग तो धोका आपला कसा, असा साधा हिशेब. ज्यांच्या हद्दीत ज्वालामुखी आहेत त्यांच्या नकाशांवर डोंगराभोवती रंगीत वर्तुळं काढलेली असतात. लाव्हा इथवर येईल, तापलेल्या राखेचा लोंढा इथवर, चिखल इथवर. वर्तुळाबाहेर पांढरा कागद.

त्या पांढऱ्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे.

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा फुटला. ५ तारखेच्या पहिल्या मोठ्या स्फोटाचा आवाज शेकडो किलोमीटरांवरच्या जावा बेटावर इतका स्पष्ट पोहोचला की तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांना वाटलं, जवळपास कुठेतरी तोफा चालल्या आहेत. शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असेल म्हणून योग्यकर्त्याहून सैन्याची तुकडी निघाली. एखादं जहाज संकटात असेल म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने होड्या धाडल्या. १० तारखेला डोंगराने हातचं काही राखलं नाही. अंदाजे ४,३०० मीटर उंच असलेला तांबोरा आज २,८५० मीटरच्या आसपास आहे. वरचा सगळा भाग उडाला, उरलेला खचला आणि मागे सहा किलोमीटर रुंदीचा खड्डा राहिला. सुंबावा आणि शेजारच्या लोंबोकवर हजारो माणसं गेली. प्रत्यक्ष स्फोटात गेली त्याहून कितीतरी जास्त नंतरच्या उपासमारीने आणि रोगराईने गेली.

वर्तुळांच्या हिशेबाने प्रकरण इथे मिटलं. पण पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि क्वेबेकमध्ये बर्फ पडला. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिन्यांत हिव पडलं आणि उभी पिकं गेली. पश्चिम युरोपात उन्हाळाभर पाऊस थांबला नाही. धान्य पिकेना, पिकलं ते वाळेना. ब्रेडच्या भावावरून दंगे झाले. स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीतल्या कित्येक कुटुंबांनी गावं सोडली. चीनच्या युनान प्रांतात थंडीने भात गेला. भारतीय उपखंडात मोसमी पावसाचं वेळापत्रक कोलमडलं. हे सगळं एकाच कारणाने होतंय हे कोणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. त्या वर्षी आकाश इतकं धुरकट होतं की सूर्यावरचे डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत, म्हणून लोकांनी त्या डागांना दोष दिला. म्हणजे ज्या पडद्याने ऊन अडवलं त्याच पडद्याने चुकीचा आरोपीही दाखवला.

त्या भिजक्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुचलेल्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या भयकथेची गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक लेखात असते, म्हणून ती इथे नको. त्याच स्वित्झर्लंडमधली दुसरी घटना मला जास्त मोलाची वाटते, कारण ती थेट तुमच्या खात्यातली आहे.

आल्प्समध्ये बान्यचं खोरं आहे. त्याच्या वर उंचावर जिएत्रो नावाची हिमनदी. एकामागून एक थंड वर्षं गेली तशी हिमनदी फुगली आणि तिच्या टोकाचे बर्फाचे कडे खालच्या द्रान्स नदीच्या पात्रात कोसळत राहिले. तिथे बर्फाचा बांध तयार झाला. १८१८ च्या वसंतात खालच्या गावांच्या लक्षात आलं की बर्फ वितळायच्या दिवसांत नदीला पाणी वाढायचं ते आटलंय. वर जाऊन पाहिलं तर बांधाच्या मागे तळं साठत होतं आणि रोज चढत होतं. इग्नाझ व्हेनेट्झ या सरकारी अभियंत्याने बर्फातूनच बोगदा खणायचं ठरवलं, तळं त्या उंचीवर पोहोचायच्या आत पाण्याला वाट करून द्यायची म्हणून. डोक्यावरून बर्फाचे ढिगारे सुटत असताना माणसांनी महिनाभर बर्फ फोडला. बोगदा वेळेत झाला, पाणी वाहू लागलं, तळ्यातलं सुमारे एक तृतीयांश पाणी उतरलंही. पण वाहत्या पाण्याने बर्फ आतून पोखरला आणि १६ जूनला बांध फुटला. लोंढा खाली मार्तिन्यीपर्यंत गेला, सुमारे ४० माणसं मेली. तो बोगदा नसता तर किती गेली असती, याचा विचार करवत नाही.

आता सांगा, तांबोराभोवती कितीही मोठं वर्तुळ काढलं असतं तरी ते या खोऱ्याला लागलं असतं का? मधलं अंतर बारा हजार किलोमीटर आणि तीन वर्षं. अर्थात सगळं तांबोराच्या माथी मारणंही बरोबर नाही. ते पूर्ण दशकच थंड होतं आणि त्याला १८०९ मधला आणखी एक उद्रेक कारण होता. त्याच्याकडे पुढे येतो.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. एप्रिल १८१५ ते जून १८१६ हे चौदा महिने म्हणजे डोंगराने दिलेली नोटीस होती. ती वाचता येणारा माणूस तेव्हा जगात नव्हता. आज आहेत, भरपूर आहेत. कोणता डोंगर कधी फुटेल हे वर्षानुवर्षं आधी सांगणं आजही जमत नाही, पण फुटल्यावर पुढची दोन वर्षं ढोबळमानाने कशी जातील हे बऱ्यापैकी सांगता येतं. अवर्षण सांगून येत नाही, उष्णतेची लाट फार तर आठवडाभर आधी वर्दी देते. हे एकच संकट असं आहे की ज्याचं कारण आधी आभाळात दिसतं आणि परिणाम काही महिन्यांनी जमिनीवर उतरतो. आणि तुमच्या आराखड्यांत ती नोटीस घ्यायला दारात कोणी उभं नाही.

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण तो तुमच्या तक्त्यांतही डोकावतो. हवामान बिघडवण्यात राखेचा वाटा किरकोळ असतो. राख म्हणजे दळलेला दगड आणि काच. ती विमानांची इंजिनं बंद पाडते, छपरं मोडते, पण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. खरा आरोपी गंधक. शिलारसात विरघळलेलं गंधक स्फोटाबरोबर मुख्यतः सल्फर डायऑक्साइड होऊन वर जातं. आपण राहतो त्या तपांबरात ढग आहेत, पाऊस आहे. तिथे अडकलेला वायू बघता बघता धुऊन निघतो. पण विषुववृत्ताजवळ १६-१७ किलोमीटरांच्या वर आणि ध्रुवांकडे ८-१० किलोमीटरांच्या वर स्थितांबर सुरू होतं, आणि तिथे पाऊस नाही. तिथवर पोहोचलेल्या वायूपासून काही आठवड्यांत गंधकाम्लाचे थेंब तयार होतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. ते वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि उन्हाचा काही वाटा वरूनच परत पाठवतात. जमीन थंडावते. तो वरचा थर मात्र उलट तापतो, कारण तेच थेंब उष्णता शोषूनही घेतात.

म्हणून ‘केवढा मोठा स्फोट’ या प्रश्नाने काम भागत नाही. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतला सेंट हेलेन्स फुटला, डोंगराची एक बाजूच निखळली, ५७ माणसं गेली, जगभर छायाचित्रं झळकली. जगाच्या तापमानावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. दोन वर्षांनी मेक्सिकोतला एल चिचोन फुटला. बाहेर पडलेला शिलारस दोन्हीकडे साधारण सारखाच, पण एल चिचोनच्या पोटात गंधक ठासून भरलेलं. सेंट हेलेन्सने सुमारे १० लाख टन सल्फर डायऑक्साइड सोडला, एल चिचोनने सुमारे ७० लाख टन, तोही जास्त करून सरळ वर. तुम्ही धोक्याची प्रतवारी करायला जो स्फोटकता निर्देशांक वापरता तो बाहेर पडलेल्या मालाचं घनफळ आणि वर चढलेल्या राख-वायूच्या खांबाची उंची बघतो. गंधक त्याच्या खिजगणतीत नाही. धरणाची उंची मोजून पाण्याची चव सांगण्यासारखं आहे ते.

(जाता जाता : ‘एक ज्वालामुखी माणसाने आजवर सोडलेल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त सोडतो’ हा फॉरवर्ड अजून फिरतो आहे. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा वर्षाचा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या वर्षाच्या उत्सर्जनाच्या दोन टक्केही भरत नाही. तुमच्यापैकी एकाने जाहीर भाषणात तो ठोकून दिला तेव्हा मी समोरच बसलो होतो. नाव घेत नाही.)

ही सगळी माहिती कुठून येते, तेही बघण्यासारखं आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकात दरवर्षी पडणारा बर्फ थरावर थर दाबत जातो आणि त्या थरांत त्या त्या वर्षाची हवा, धूळ, आम्ल अडकून राहतं. तिथून खोदून आणलेले बर्फाचे दंडगोल गोठवणाऱ्या थंड खोलीत ठेवतात. एकाला उभा छेद देऊन पृष्ठभाग रंध्याने तासतात तसा गुळगुळीत करतात आणि त्यावरून दोन विद्युतअग्रं जोडीने ओढत नेतात. नुसत्या डोळ्यांना बर्फ सगळीकडे सारखाच दिसतो, पांढुरका, निळसर. अग्रं सरकत असतात, आलेखाची रेघ तळाशी सपाट चाललेली असते, आणि एका जागी ती एकदम उसळते, कारण तिथे बर्फात आम्ल आहे आणि आम्लातून वीज जास्त वाहते. थर मोजले की साल निघतं. तांबोराचं आम्ल पृथ्वीच्या दोन्ही टोकांच्या बर्फात असं सापडतं.

या नोंदवहीत गेल्या दोन हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उसळ्यांपैकी एक १२५८ च्या सुमाराची आहे. साल ठाऊक होतं, डोंगर ठाऊक नव्हता. तो कितीतरी वर्षांनी, २०१३ मध्ये जाहीर झाला : लोंबोक बेटावरचा सामालास, १२५७ साली फुटलेला. ताडपत्रांवरच्या जुन्या मजकुरात पामातान नावाचं नगर उद्‌ध्वस्त झाल्याचं वर्णन होतंच, पण त्याची बर्फातल्या आम्लाशी गाठ घालायला कोणी बसलं नव्हतं. १८३१ च्या थंडीचा डोंगर तर अगदी अलीकडे, २०२४ च्या शेवटी, कुरील बेटांमधल्या झावारित्स्कीच्या रूपाने हाती लागला. आणि वर उल्लेख केलेल्या १८०९ च्या उद्रेकाचा डोंगर आजतागायत सापडलेला नाही. उपग्रहांच्या आधीच्या काळात पृथ्वीला थंड करण्याइतका मोठा स्फोट होऊन तो कुठे झाला याचा कागदोपत्री मागमूस राहू नये, यातच वर्तुळांच्या नकाशांची मर्यादा आली.

थंडीपेक्षा मला पाण्याची काळजी जास्त वाटते. सरासरी तापमान अर्ध्या अंशाने उतरलं तर माणूस अंगावर जाड कपडा घेतो. पण ऊन कमी झालं की समुद्रावरून बाष्पीभवन कमी होतं. जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, आणि मोसमी वारे वाहतात ते मुळात जमीन-समुद्रातल्या तापमानाच्या फरकावर. तो फरक घटला की वाऱ्यातला जोर जातो. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो फुटल्यानंतरच्या वर्षात जगभरच्या जमिनीवर पडणारा पाऊस आणि नद्यांमधून समुद्राला मिळणारं पाणी दोन्ही लक्षणीय घटलं. त्याच काळात एल निन्योही होता, म्हणून सगळी घट पिनातुबोच्या नावावर टाकता येत नाही. तरी एकट्या एल निन्योने ती भरून येत नाही.

याहून जुनं उदाहरण आइसलंडचं. ८ जून १७८३ रोजी लाकी इथे जमिनीला भेग पडायला सुरुवात झाली. पुढे ती २७ किलोमीटर लांब झाली आणि आठ महिने वाहत राहिली. आकाश हादरवणारा स्फोट नाही, नुसता उकळता पूर आणि वायू. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, पिनातुबोच्या कितीतरी पट. गवतावर फ्लोरिन बसलं, ते खाऊन मेंढ्या आणि गुरं मेली, आणि मागोमाग देशातला पाचातला एक माणूस गेला. युरोपवर कोरडं, वासाचं धुकं पसरलं. गंमत बघा, त्या वर्षीचा जुलै पश्चिम युरोपात कडक उष्ण गेला आणि लगेचचा हिवाळा हाडं गोठवणारा. पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ मध्ये त्या धुक्याचा आणि थंडीचा संबंध जोडून आइसलंडकडे बोट दाखवलं होतं. त्याला आणखी एक गोष्ट माहीत असण्याचं कारण नव्हतं. हजारो किलोमीटर दक्षिणेला इथिओपियाच्या डोंगरांतला पाऊस घटला होता, नाईलचा पूर पुरेसा आला नव्हता आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला होता. व्होल्ने हा फ्रेंच प्रवासी त्या सुमारास तिकडे होता. जानेवारी १७८५ पर्यंत देशातली एक षष्ठांश माणसं मेली किंवा निघून गेली असं त्याने लिहून ठेवलं. उत्तरेकडचा गोलार्ध थंडावला की उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला ढळतो. आइसलंडचं गंधक आणि नाईलचं पाणी यांच्यामधला दुवा तो.

स्फोट विषुववृत्ताच्या कोणत्या बाजूला झाला याला म्हणूनच फार महत्त्व आहे. आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशात विसाव्या शतकात जे चार पावसाळे सर्वांत कोरडे गेले त्यांपैकी तिघांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा उद्रेक झालेला आहे : १९१२ मध्ये अलास्कातल्या कात्माईपाशी आणि १९८२ मध्ये एल चिचोनचा. विषुववृत्ताजवळच्या स्फोटाचं गंधक दोन्ही गोलार्धांत पसरतं. उत्तरेकडचं बहुतांशी उत्तरेतच राहतं आणि समतोल बिघडवतं. तेव्हा स्फोटानंतरच्या पहिल्या आठवड्यात विचारायचे प्रश्न तीनच. गंधक किती, किती उंचीवर, कोणत्या अक्षांशावर. हे तीन आकडे हाती आले की पुढच्या पावसाळ्याबद्दल तुम्हाला शेजारच्यापेक्षा जास्त माहिती असते.

इथे हात आखडता घ्यायलाही हवा. १९९३ चा मिसिसिपी नदीचा महापूर पिनातुबोमुळे आला असं म्हणणारे भेटतात. असं एकेक वादळ, एकेक पूर उचलून डोंगराच्या दावणीला बांधता येत नाही. बऱ्याचदा ती बोलाफुलाला गाठ असते. उद्रेक फासे बदलतो, डाव कोणाचा लागेल ते सांगत नाही. उष्ण कटिबंधातल्या मोठ्या उद्रेकानंतर उत्तर युरोपातले हिवाळे उबदार जातात असं मानलं जायचं, त्यावरही आता वाद आहे. पण पावसाचा पट्टा सरकणं, मोसमी पाऊस अशक्त होणं, उन्हाळे थंडावणं, या बाबतीत जुन्या नोंदी आणि प्रतिमानं (संगणकावर उभी केलेली हवामानाची गणितं) एकमेकांना दुजोरा देतात.

पिनातुबोकडे परत येतो, कारण नोटीस वाचता येते याचा पुरावा तिथे आहे. १५ जून १९९१ च्या मुख्य स्फोटाआधी फिलिपाइन्सच्या आणि अमेरिकेच्या ज्वालामुखीतज्ज्ञांनी हजारो लोकांना वेळेवर हलवलं होतं. त्याच दिवशी युन्या नावाचं चक्रीवादळ नेमकं तिथे आलं. राख कोरडी असती तर छपरांनी कदाचित पेलली असती; पावसात भिजून ती सिमेंटच्या गाऱ्यासारखी जड झाली आणि छपरं आत बसली. त्या दिवसांतले बहुतेक मृत्यू असे, घरात बसलेल्या माणसांवर छत येऊन झाले. एका संकटाचं गणित दुसऱ्या संकटाने कसं फिरतं ते तुमच्या तक्त्यांच्या वेगवेगळ्या रकान्यांत कधी दिसत नाही.

सुमारे दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला. उपग्रहांनी तो दिवसांत मोजला. आणि १९९२ च्या जानेवारीत हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिमान चालवून लिहून टाकलं की जग अंदाजे अर्ध्या अंशाने थंड होईल, नंतर पुन्हा पूर्वपदावर येईल. १९९२ मध्ये ते तसंच झालं. हवामानाच्या विज्ञानाने आधी छापून मग खरी करून दाखवलेल्या भाकितांमध्ये हे मी फार वर ठेवतो. त्या हिवाळ्यात तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला, ऐलातच्या आखातात, थंड हवेने पृष्ठभागाचं पाणी इतकं गार केलं की ते खोलवर मिसळलं, तळातली पोषकद्रव्यं वर आली, शेवाळ माजलं आणि त्याखाली प्रवाळ गुदमरून मेलं. अर्ध्या अंशाची सरासरी अशी कुठल्या कोपऱ्यात काय करेल याचा नेम नसतो.

आता तुमच्याच कागदांबद्दल. तुम्ही ज्या भविष्यवेधी हवामान-प्रतिमानांवर आराखडे बांधता त्यांत ज्वालामुखी आहेत, पण कसे? पुढच्या दशकांसाठी गेल्या काळातल्या उद्रेकांची सरासरी काढून ती दरवर्षी थोडी थोडी पसरून दिलेली असते. म्हणजे प्रतिमानातल्या पृथ्वीवर रोज एक मवाळ, शिस्तीतला, कोणालाही त्रास न देणारा ज्वालामुखी धुमसत असतो. खऱ्या पृथ्वीवर असा एकही नाही. इथे तीस वर्षं काही होत नाही आणि मग एका दुपारी सगळं एकदम येतं. शास्त्रज्ञांनी हे सोयीसाठी केलं, त्यांना दोष नाही. उद्रेकाची तारीख कोणाला माहीत असते? पण त्यातून निघणारी गुळगुळीत वक्ररेषा तुम्ही भविष्य म्हणून छापता आणि धरणाच्या पाण्याचं, धान्याच्या कोठारांचं गणित तिच्यावर बसवता. बर्फाच्या नोंदीवरून संशोधकांनी काढलेला अंदाज असा की तांबोराच्या तोडीचा उद्रेक या शतकात होण्याची शक्यता सहात एक आहे. फासा टाकून एक पडण्याइतकी. याहून कमी शक्यतेच्या किती संकटांसाठी तुमच्याकडे स्वतंत्र प्रकरणं आहेत, ते तुम्हीच मोजा. (अतिप्रचंड ज्वालामुखींवरचे माहितीपट बघून हजारो वर्षांतून एकदाच्या प्रलयावर चर्चा करायला मात्र सगळ्यांना आवडतं.)

मग करायचं काय? धान्याचं सगळ्यात आधी, कारण १८१६ चा खरा धडा तिथे आहे. नेहमीच्या दुष्काळात एक प्रदेश बुडतो आणि दुसरा तारतो. गंधकाच्या पडद्याखाली पुष्कळ प्रदेश एकाच हंगामात बुडू शकतात. १८१६-१७ मध्ये जर्मन राज्यांनी आणि स्विस परगण्यांनी एकमेकांवर धान्याची निर्यातबंदी लादली; प्रत्येकाने आपलं कोठार राखलं आणि सगळ्यांचे भाव मिळून भडकले. त्याआधी, १६०० मध्ये पेरूतला हुआयनापुतिना फुटला आणि १६०१ ते १६०३ रशियात भर उन्हाळ्यात हिव पडून भीषण दुष्काळ झाला, तेव्हा झार बोरिस गोदुनोव्हने मॉस्कोत धान्य आणि पैसा वाटायला काढला. हेतू चांगला होता. बातमी ऐकून उपाशी लोकांचे तांडे चहूकडून मॉस्कोकडे लोटले आणि शहरच मसणवटा झालं. आभाळच फाटल्यावर एका शहरात ठिगळ लावून काय होणार? अशा वर्षी कोण कोणाला धान्य विकेल, बंदी घालणार नाही याची हमी कोण देईल, हे करार चांगल्या वर्षी व्हायला हवेत. व्युर्टेम्बर्गच्या राजाने दुष्काळानंतर, १८१८ मध्ये, होहेनहाईमला शेतीची शिक्षणसंस्था काढली, तिचं आज विद्यापीठ आहे. चांगलंच केलं; मात्र तेही नंतरच.

वीज खात्याच्या लोकांना एक जादाची गोष्ट. गंधकाचा पडदा एकूण उजेड थोडाच कमी करतो पण सरळ येणारं ऊन बरंच कमी करून ते विखुरतो. आरशांनी ऊन एकवटून चालणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या वीज केंद्रांचं उत्पादन पिनातुबोनंतर घटलं होतं. साध्या सौर पट्ट्यांना तेवढा फटका बसत नाही. म्हणजे ज्या वर्षी पाऊस कमी, म्हणून जलविद्युत कमी, त्याच वर्षी एका प्रकारची सौर वीजही कमी. हा बेरजेचा आकडा मी अजून कोणत्याही आराखड्यात पाहिलेला नाही.

आणि कृपा करून कोणी असं लिहू नका की मोठा ज्वालामुखी आला तर तापमानवाढीला तेवढाच उतारा पडेल. पिनातुबोचा थंडावा दोन-तीन वर्षांत ओसरला. हवेतला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, गंधकाचे थेंब दोन वर्षांत गळून पडतात. थेंब गळले की थोपवून धरलेली सगळी उष्णता हिशेब चुकता करायला परत हजर. थंडीसाठी सावरलेल्या शेतकऱ्याला लगेच उलट्या दिशेने सावरावं लागतं. माणसानेच मुद्दाम स्थितांबरात गंधक फवारावं या कल्पनेवर तुमच्यातले काही जण हल्ली गंभीरपणे बोलतात. त्यांनी आधी साहेलचे ते तीन पावसाळे बघावेत.

शेवटची गोष्ट उपकरणांची. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्राखालचा हुंगा ज्वालामुखी फुटला. त्याचा खांब ५७ किलोमीटरांपर्यंत गेला, उपग्रहाच्या काळात इतका उंच दुसरा कुठलाच नोंदला गेलेला नाही. जगभरचे लोक घाबरले, आता थंडी येणार म्हणून. पण मोजमापं आली आणि दिसलं की सल्फर डायऑक्साइड जेमतेम चार-पाच लाख टन आहे. उलट १५ कोटी टनांच्या आसपास पाण्याची वाफ वर गेली आहे, म्हणजे स्थितांबरात एरवी असते त्याच्या दशांशाएवढी. इतकं पाणी एका झटक्यात तिथे गेलेलं आधी कोणी मोजलं नव्हतं. मोठी थंडी येणार नाही हे थोड्याच दिवसांत खात्रीने सांगता आलं. ती वाफ मोजणारं यंत्र २००४ साली सोडलेल्या ऑरा उपग्रहावर आहे, आणि त्या उपग्रहाचे दिवस भरत आले आहेत. जगात सुमारे १,५०० ज्वालामुखी जागे होऊ शकतील असे आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर साधा भूकंपमापकही नाही. पुढच्या वेळी नोटीस येईल तेव्हा ती वाचायची यंत्रंच बंद पडलेली असतील, तर आपण पुन्हा सूर्यावरच्या डागांकडे बघत बसू.

तेव्हा विनंती लहान आहे. पुढच्या आवृत्तीत तो ‘लागू नाही’ खोडा आणि तिथे एका टेबलाचं नाव लिहा. स्फोट झाल्यावर गंधकाचा आकडा, उंची आणि अक्षांश कोणाच्या हाती येणार, आणि तो माणूस तीस दिवसांच्या आत पाणी, धान्य आणि वीज या तीन खात्यांना काय कळवणार. अर्धं पान पुरे. नवी पीडीएफ आली की मी नेहमीप्रमाणे शोधून बघेनच.

कळावे,
आपला,
आराखड्यांचा एक नियमित वाचक